खुब्यातला तडा आणि कोंडलेले रक्त

मुळशी तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत खाचरांचे बांध आणि अंगणातल्या फरशा निसरड्या होतात. साठी-सत्तरीची एखादी बाई कुशीवर पडते, उठते आणि लंगडत घरात जाते. ‘चालता येते, म्हणजे हाड मोडलेले नाही’ असे घरचे म्हणतात. खुब्याच्या बाबतीत हा तर्क फसवा ठरू शकतो. का, ते पाहू.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोबणीत बसते. डोक्याखाली हाडाची मान असते आणि सांध्याभोवती चिवट तंतूंची बंद पिशवी, म्हणजे संधिकोश असतो. मोठ्या माणसात डोक्याला मिळणारे बहुतेक रक्त मानेच्या बुडाकडून, मानेला लगटून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. खोबणीच्या बाजूने येणारा पुरवठा अगदी तुटपुंजा असतो. एकाच वाटेवर अवलंबून असलेल्या डोंगरवाडीसारखी या डोक्याची स्थिती असते.

मान मोडून तुकडे सरकले, तर या वाहिन्या तुटतात. तुकडे न सरकता नुसता तडा गेला, तर त्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात. पण येथे दुसरा धोका असतो. मोठ्या मोडीत संधिकोश फाटून रक्ताला वाट मिळू शकते. लहान तड्यात कोश सहसा अखंड राहतो, झिरपलेले रक्त आत कोंडते आणि दाब वाढतो.

या दाबाचा परिणाम रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर समजून घेता येतो. दंडावरच्या पट्ट्यातील दाब क्षणभर ५० मिलिमीटर पाऱ्यावर ठेवा. मनगटाची नाडी लागते, पण हाताच्या शिरा फुगतात. धमन्यांतून रक्त आत येते, मात्र शिरा दबल्याने ते परत जात नाही. सांध्यातही पातळ भिंतींच्या शिरा आधी दबतात. जुने रक्त बाहेर पडले नाही, की नवे आत शिरत नाही. हे बराच काळ चालले, तर हाडाच्या पेशी मरू शकतात आणि पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी डोके खचते.

दाब पायाच्या स्थितीवरही अवलंबून असतो. संधिकोशाचे तंतू मानेभोवती तिरपे वळलेले असतात. पाय सरळ ताणून आत वळवला, की ओले फडके पिळावे तसा कोश आवळतो, आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. गुडघा किंचित वाकवून पाऊल बाहेर झुकवले, की कोश सैल पडतो. दुखणारा माणूस आपण होऊनच पाय तसा ठेवतो, तो उगाच नव्हे!

अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८२२ च्या ग्रंथात कोशाच्या आतली आणि बाहेरची मोड वेगळी मानली होती. आतली मोड जुळणे अवघड असते. तरुणांत शक्य तितक्या लवकर स्क्रूने हाड जोडतात. वृद्धांत तुकडे सरकले असतील, तर बहुधा कृत्रिम डोके किंवा सांधा बसवतात. कोंडलेले रक्त काढल्याने डोके वाचते का, याबद्दल मात्र तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर सांगावे: पडल्यावर जांघेत दुखत असेल, तर पाय ओढू नये, चोळू नये आणि त्यावर भार देऊ नये. गुडघ्याखाली घडी केलेली चादर ठेवून माणसाला आडवेच दवाखान्यात न्यावे. पहिल्या क्ष-किरण चित्रात बारीक तडा कधी कधी दिसत नाही; दुखणे टिकले, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.