माहिती चौकट : मोठ्या आतड्याचे आजार, भिंगाखाली

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. पोटदुखी, जुलाब, शौचावाटे रक्त ही लक्षणे अनेक आजारांत सारखीच. नेमका फरक बहुधा बायॉप्सीत, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा भिंगाखाली तपासल्यावर कळतो.

• अमिबाची आव : दूषित पाण्या-अन्नातून एन्टामिबा हिस्टोलिटिका पोटात जातो. अस्तरावर सुरईसारखे, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद व्रण पडतात.

• क्षय : जंतू बहुधा लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे ठाण मांडतात. ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या गाठी होतात, त्यांचा मध्यभाग मृत होतो. पुढे आतडे आकसते.

• अल्सरेटिव्ह कोलायटिस : प्रतिकारशक्ती बिथरते. सूज गुदाशयापासून सलग वर सरकते, पण मुख्यतः अस्तरापुरतीच राहते.

• क्रोन्स : सूज भिंतीच्या पूर्ण जाडीत, मध्येमध्ये निरोगी पट्टे. यातही ग्रॅन्युलोमा दिसू शकतात, म्हणून क्षयाशी गल्लत होते.

• कर्करोग : बहुतेकदा पॉलिपपासून, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबापासून. एपीसीसारख्या जनुकांतले बदल साचत जातात. या प्रवासाला साधारण दहा वर्षे लागतात. पॉलिप वेळीच काढला, तर त्यातून होणारा कर्करोग टळतो.

नवी मुंबईत : टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार-संशोधन केंद्र खारघरला आहे. परळला १९५२मध्ये सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२मध्ये इथे आली. आनुवंशिक कर्करोगांवरही इथे काम चालते. आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही आनुवंशिक असू शकतो, म्हणून आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला पन्नाशीआधी आतड्याचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा.