रूलेटच्या टेबलावरचा पहिला 'अंगावरचा' संगणक

मनगटावरील घड्याळात संगणक सामावण्याच्या कितीतरी आधी तो जुगाराच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. अमेरिकेतील 'एमआयटी' या संस्थेत गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये अंगावर बाळगता येणारा पहिला संगणक सिद्ध केला, तो रूलेट जिंकण्यासाठी.

रूलेटमध्ये चेंडू फिरू लागल्यावरही काही क्षण पैसे लावता येतात. त्या अवधीत चाक आणि चेंडू यांचा वेग मोजल्यास चेंडू कोणत्या भागात विसावेल, याचा अंदाज बांधता येतो, हे थॉर्प यांनी हेरले होते. सिगारेटच्या पाकिटाएवढ्या या यंत्रात १२ ट्रान्झिस्टर होते. शॅनन बुटात दडवलेली कळ पायाच्या अंगठ्याने दाबून वेळ नोंदवीत. उत्तर बिनतारी यंत्रणेद्वारे थॉर्प यांच्या कानात सुरांच्या रूपाने पोहोचे. चाकाचे आठ भाग कल्पिले होते. सुरावरून भाग ओळखायचा.

चाचण्यांतून ४४ टक्के नफ्याची अपेक्षा होती. लास वेगासमध्ये मात्र कानाकडे जाणारी बारीक तार वारंवार तुटली आणि मोठ्या रकमा लावण्याचा बेत बारगळला. थॉर्प यांनी हे गुपित १९६६ मध्ये उघड केले.

पुढे १९७० च्या दशकात डॉयन फार्मर आणि नॉर्मन पॅकार्ड यांच्या गटाने अख्खा संगणकच बुटात बसवला. अखेर १९८५ मध्ये नेवाडा राज्याने कॅसिनोत अशा उपकरणांवर कायद्याने बंदी घातली. निव्वळ नशिबाचा मानला जाणारा खेळ गणिताच्या कक्षेत येऊ शकतो, याची ती जणू सरकारी पावतीच होती.