स्कीचे नवे बूट पायाला बसवताना

स्कीचे बूट घेताना चपलांचा नेहमीचा नंबर कामाचा नाही. इथे माप पावलाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये ठरते, पाऊल २६.५ सेंमी, तर बूटही २६.५चा. आधी आतले मऊ अस्तर काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घाला. बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली, तर माप बरोबर.

मग अस्तरासह बूट चढवा, टाच मागे आपटून बसवा आणि बकले लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकतात. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती सुटतात. नवा बूट घट्ट वाटतो म्हणून मोठा घेऊ नका. अस्तर वापराने दबते आणि सैल बुटात टाच उचलली गेली की स्कीवरचा ताबा जातो.

मोजा एकच आणि पातळ हवा. थर्मल पँटची कड बुटात गेली तर नडगीला काचते. घोट्याच्या हाडावर एकाच जागी दुखत राहिले, तर सोसू नका. जाणकार कारागीर कवच तापवून तेवढाच भाग बाहेर फुगवून देतो. गुलमर्ग किंवा औलीला भाड्याचे बूट घेतानाही ही तपासणी अवश्य करा.