हलकी, पण खणखणीत

भाच्याने माउंटन बाइक जुळवायला घेतली आणि भागांची यादी माझ्यापुढे ठेवली. जानापावची चढण, रोजचे कॉलेज आणि सुटीतला लांबचा पल्ला, सारे एकाच सायकलीवर व्हावे, शिवाय ती हलकी असावी, हा हट्ट. गाण्याच्या मास्तराला यातले काय कळणार, असे वाचक म्हणतील. पण चाकाच्या तारा माझ्या प्रांतातल्या आहेत!

चांगला स्पोक टोकांना २ मिलिमीटर जाड आणि मध्ये १.८ असतो. स्पोक तुटतो तो बहुधा हबजवळच्या वाकणापाशी. मधला भाग बारीक असला की तोच किंचित ताणून धक्का सोसतो आणि वाकणावरचा भार कमी होतो. वजन घटून आयुष्य वाढावे, असा योग सायकलीत क्वचितच! स्पोक छेडून पाहावेत. मागल्या चाकात गिअरकडचा स्वर चढा आणि पलीकडचा उतरलेला, हे रास्तच. एकाच बाजूचे आपसांत बेसूर असतील तर मात्र चाक पुन्हा लावून घ्यावे.

निपल पितळी घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या ६४ निपलांनी फार तर पन्नास ग्रॅम वाचतात, पण चावीने त्यांचे कोपरे झिजतात.

हँडलवरून आमचे भांडण झाले. वारंवारच्या धक्क्यांनी ॲल्युमिनियम थकते आणि तुटण्यापूर्वी सूचना देईलच असे नाही. भाच्याच्या एका मित्राचे अतिहलके हँडल उतारावर तुटले, दोन दात गेले. तेथे शंभर ग्रॅम जादा झाले तरी सोसावेत. 

भाचा अजून अडून आहे. चाके मात्र माझ्याकडून सुरात लावून घेऊन गेला.