न्याय्य भाव कुणाचा?

१८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे २८ कामगारांनी ग्राहक सहकारी दुकान काढले. शुद्ध माल, चोख माप, रोख व्यवहार आणि खरेदीच्या प्रमाणात नफावाटप, हे त्याचे नियम. त्याच परंपरेतील ब्रिटिश को-ऑपरेटिव्ह ग्रुपने २००२ साली स्वतःच्या नावाचे सारे चॉकलेट बार न्याय्य व्यापाराचे केले. ही नीतीही होती आणि धंद्याची युक्तीही. ग्राहकाचा विश्वास हेच भांडवल. कापसालाही आता हीच पद्धत आहे: किमान भाव, वर सामूहिक कामांसाठी जादा रक्कम. पण ती जाते शेतकऱ्यांच्या संघटनेकडे. यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या माझ्या आईचे नाव कुठल्याच सातबारावर नव्हते, मजुरी किलोमागे. भूमिहीनाला मत नसेल, तर न्याय बांधावरच थांबतो. वेचणारीचा वाटा कुठे, हे आपण विचारलेच पाहिजे.