लहान धंद्यांतील नवी युक्ति



माझा एक जुना विद्यार्थी परवां भेटावयास आला होता. लोणचीं व मसाले विकण्याचा त्याचा लहानसा धंदा आहे. शेजारच्या दुकानदारानें भाव उतरविल्यामुळें तो चिंतेंत पडला होता. "गुरुजी, हलक्या मालाची दुसरी प्रत काढूं काय?" असें त्यानें विचारलें. उत्तरादाखल मीं त्यास 'लिज्जत' पापडाची हकीकत सांगितली. तीच आज आपणांस सांगतों.

१५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं पाकिटें झालीं तीं अवघीं चार! पापडाची कृति कोणापासून लपलेली नाहीं. तेव्हां या बायकांची खरी स्पर्धा होती ती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराशींच.

त्यांनींहि प्रथम दोन प्रती काढल्या होत्या. एक उत्तम, दुसरी स्वस्त. परंतु त्यांचे हितचिंतक छगनलाल पारेख यांनीं एकच उत्तम प्रत ठेवण्याचा सल्ला दिला व तो त्यांनीं मानला.

पहिल्याच वर्षीं पावसानें घाला घातला. ऊन नसल्यामुळें पापड वाळेनात; चार महिने काम बंद ठेवावें लागलें. रोजच्या लाटण्यावर ज्यांची मिळकत, त्यांस हा खंड केवढा जाचला असेल! पुढच्या वर्षीं त्यांनीं एक खाट व एक स्टोव्ह विकत आणला. पापड खाटेवर पसरले, खालीं स्टोव्ह पेटविला आणि पावसाळ्यांतहि काम चालूं राहिलें. यंत्र नाहीं, तंत्रज्ञ नाहीं; परंतु धंद्यांतील नवी युक्ति म्हणतात ती हीच.

पुढें धंदा वाढल्यावर पीठ एके ठिकाणीं मळून तें घरोघर लाटावयास देण्याची पद्धत पडली. त्यामुळें लाटणारे हात हजारों झाले, तरी चव एकच राहिली.

भाव उतरविणें शेजाऱ्यास उद्यांहि साधेल. गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र एका रात्रींत उचलून नेतां येत नाहीं. म्हणून मीं त्या विद्यार्थ्यास म्हटलें, "दुसरी प्रत राहूं दे. तुझें लोणचें कोणत्या महिन्यांत बिघडतें, गिऱ्हाईक कशासाठीं परत जातें, हें आधीं वहींत लिहून काढ. तुझा पावसाळा तेथेंच सांपडेल. मग खाट आणि स्टोव्ह शोधावयास कितीसा वेळ लागणार?"