इ.स. १९३२ मधील पुणे

इ.स. १९३२ हे वर्ष पुण्याच्या इतिहासात मुख्यतः २४ सप्टेंबर रोजी झालेल्या पुणे करारासाठी ओळखले जाते. येरवडा येथील मध्यवर्ती कारागृहात झालेल्या वाटाघाटींतून हा करार आकारास आला, म्हणून त्यास येरवडा करार असेही म्हणतात. 'सकाळ' या दैनिकाचा प्रारंभही याच वर्षी पुण्यात झाला.

पार्श्वभूमी

आधीच्या वर्षी, २२ जुलै १९३१ रोजी, फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळी झाडली होती, हॉटसन बचावले. सामाजिक प्रश्नही धुमसत होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ मध्ये सत्याग्रह झाला, त्याला सनातनी पुणेकरांनी कडवा विरोध केला. ज्या शहराच्या नावाने पुढे अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा करार ओळखला गेला, त्याच शहरातील ही घटना आहे.

वर्षारंभ

१ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकर यांनी 'सकाळ' सुरू केला. परुळेकरांचे उच्च शिक्षण न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात झाले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होत. मतप्रचारावर भर देणाऱ्या तत्कालीन मराठी पत्रांच्या तुलनेत 'सकाळ'ने बातमीला प्राधान्य दिले.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जानेवारीस, महात्मा गांधींना मुंबईत अटक करून येरवड्यास आणण्यात आले. वल्लभभाई पटेल त्यांच्यासोबत होते. मार्चमध्ये महादेव देसाई यांनाही तेथे ठेवण्यात आले. शहराच्या ईशान्येस, मुळा-मुठेच्या पलीकडे असलेले हे कारागृह १८७१ मधील आहे. १९३० च्या बंदिवासात गांधींनी येथून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख 'येरवडा मंदिर' असा केला होता.

जातीय निवाडा आणि उपोषण

ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर केला. त्यानुसार अस्पृश्य वर्गांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा मिळणार होत्या. या जागांसाठी केवळ त्याच वर्गाचे मतदार मत देणार होते, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचा मताधिकार कायम राहणार होता. या दुहेरी मतामुळे सवर्ण उमेदवारालाही त्यांची दखल घ्यावी लागेल आणि स्वतःचा प्रतिनिधीही स्वतःच निवडता येईल, हे आंबेडकरांच्या दृष्टीने निवाड्याचे मर्म होते. विभक्त मतदारसंघामुळे हिंदू समाजाची कायमची फाळणी होईल, असे गांधींचे मत होते. असे मतदारसंघ दिल्यास आमरण उपोषण करू, असे त्यांनी मार्चमध्येच भारतमंत्री सॅम्युएल होअर यांना कळवले होते.

२० सप्टेंबरला दुपारी उपोषण सुरू झाले. कारागृहाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली गांधींची खाट होती, आणि वाटाघाटींचा बराच भाग तेथेच पार पडला. मदनमोहन मालवीय, तेजबहादूर सप्रू, मुकुंदराव जयकर, चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि राजेंद्रप्रसाद मध्यस्थी करीत होते. अस्पृश्य नेत्यांतही एकमत नव्हते. एम. सी. राजा यांनी वर्षाच्या सुरुवातीसच डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केला होता. नामांकित फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांचाही कल तिकडेच होता. बाळूंची कारकीर्द पुण्यातच घडली. मैदानावर बळी मिळवणाऱ्या या खेळाडूला चहाच्या वेळी मात्र इतरांपासून वेगळे, मातीच्या पात्रातून चहा दिला जाई.

सर्वांत अवघड स्थिती आंबेडकरांची होती. निवाड्याने मिळालेले हक्क सोडावेत, तर समाजाचे नुकसान. सोडू नयेत आणि गांधींचे काही बरेवाईट झाले, तर त्याचा रोष गावोगावच्या निराधार अस्पृश्य वस्त्यांवर येण्याची भीती. त्यांनी विभक्त मतदारसंघ सोडले, पण त्याच्या बदल्यात जागांसाठी नेटाने घासाघीस केली.

करार

शनिवार, २४ सप्टेंबर रोजी सायंकाळी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. मुंबई प्रांतात (सिंधसह) त्या १० वरून १५, तर बंगालमध्ये १० वरून ३० झाल्या. मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. निवडणूक दोन टप्प्यांत व्हायची होती. पहिल्या टप्प्यात केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि दुसऱ्या टप्प्यात सर्व मतदारांनी त्यांतील एकाला निवडून द्यायचे. प्राथमिक निवडणुकीची ही पद्धत दहा वर्षांनी संपणार होती. जागा दुपटीहून अधिक झाल्या, पण अंतिम निवड बहुसंख्य सवर्ण मतदारांच्या हाती गेली. करारावरील पुढील सारा वाद याच मुद्द्याभोवती फिरतो. आंबेडकरांनी नंतर करारावर कठोर टीका केली. बंगालमधील सवर्णांनी नेमक्या उलट कारणासाठी, म्हणजे जागा फार गेल्या म्हणून, तक्रार केली.

ब्रिटिश सरकारची मान्यता २६ तारखेस आली. त्याच दिवशी रवींद्रनाथ ठाकूर येरवड्यास पोचले होते. त्यांच्या उपस्थितीत गांधींनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपोषण सोडले.

अन्य घडामोडी

दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोन या संस्थेचा 'श्यामसुंदर' हा बोलपट याच वर्षीचा. दिग्दर्शन भालजी पेंढारकरांचे होते, तर शाहू मोडक व शांता आपटे यांच्या त्यात भूमिका होत्या. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. प्रभात फिल्म कंपनी मात्र अजून कोल्हापुरातच होती. ती पुण्यास आली १९३३ मध्ये.

परिणाम

करारानंतर आठवडाभरात अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला, तोच पुढचा हरिजन सेवक संघ. त्याचे सरचिटणीस ठक्कर बाप्पा हे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. कराराच्या तरतुदी १९३५ च्या कायद्यात समाविष्ट झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसंख्य राखीव जागा आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने जिंकल्या. गांधी मे १९३३ पर्यंत येरवड्यातच होते. तेथूनच त्यांनी ११ फेब्रुवारी १९३३ रोजी 'हरिजन' साप्ताहिक सुरू केले. ते पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापले जाई. पहिल्या अंकासाठी आंबेडकरांकडे संदेश मागितला असता, जातिव्यवस्था नष्ट झाल्याखेरीज अस्पृश्यांची मुक्तता नाही, असे त्यांनी लिहून पाठवले आणि गांधींनी ते आपल्या उत्तरासह छापले.